कच्चा टाका

खोटं माप लिहायला माझा हात धजत नाही. हा माझा मोठा गुण, असं लोक तीस वर्षं सांगत आलेत. आग लागो त्या गुणाला.

मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, मशीनशेजारी सात फुटी कटिंगचं टेबल आणि दाराबाहेर तीन पायऱ्या. या पायऱ्यांचीच सगळी भानगड. एक पायरी सात इंचांची, म्हणजे तिन्हींचे मिळून एकवीस इंच. माझं मशीनपुढचं स्टूलही तेवढंच उंच आहे, दिवसातून दहा वेळा त्यावर चढ-उतर होते, कधी लक्षातही येत नाही. पण तेवढ्या एकवीस इंचांपायी माझा भाऊ घराबाहेर आहे.

दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एके दिवशी शिडी सरकली, खाली पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. हॉस्पिटलातून त्याला गावाबाहेरच्या एका संस्थेत नेलं. तिथं एक तात्पुरता विभाग आहे, त्यात फार तर दोन वर्षं ठेवतात. तेवढ्यात घरच्यांनी घर चाकाच्या खुर्चीजोगं करायचं, नगरपालिकेच्या परवानगीचा शिक्क्याचा कागद दाखवायचा, मग माणूस घरी. नाही जमलं तर कायमच्या विभागात रवानगी. तो विभाग दुसऱ्या गावी, बसनं नऊ तास.

"आम्ही चौघं उचलून आत नेऊ की," मी संस्थेच्या मोठ्या बाईंना म्हटलं होतं.

"एकाला असंच उचलताना पाडलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून रॅम्पशिवाय सोडत नाही."

आमच्या दादाला उचलायचं म्हणजे भरलेलं कपाट हलवायचं. तेव्हा त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा.

संस्थेत सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. म्हणून प्रत्येक कपड्याच्या आत नंबराची कापडी पट्टी शिवून द्यावी लागते. दादाचा नंबर एकशे सात. पहिल्याच दिवशी बाईंनी मला पट्ट्यांचा गठ्ठा दिला आणि मी घरी येऊन त्या सगळ्या कच्च्या टाक्यानं लावल्या. कच्चा टाका म्हणजे आम्ही कपडा अंगावर घालून बघायच्या आधी घालतो तो. लांब, सैल, एक टोक धरून ओढलं की सर्रकन निघतो.

दादानं शर्ट उलटा करून बघितला. "सुई, हे काय? तुझ्या हातची शिलाई आणि अशी?"

"घरी येशील त्या दिवशी ओढून टाकीन," मी म्हटलं. "पक्की घातली तर उसवत कोण बसणार, तू?"

त्यावर तो पोट धरून हसला. लहानपणापासून तो मला सुई म्हणतो, माझं बोलणं टोचतं म्हणून.

मग मी नकाशावाल्याला गाठलं. हा अख्ख्या गावाचे बांधकामाचे अर्ज तयार करून देतो, खिशात कायम दोन पेन्सिली आणि एक टेप. ट्रंकेतून बाबांच्या वेळचा घराचा मंजूर नकाशा काढून त्याच्यापुढे टाकला. त्यानं तो माझ्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर माझ्या कात्र्या ठेवल्या आणि बराच वेळ नाक लावून बघत बसला.

"बसतंय ताई," तो म्हणाला. "एकवीस इंच चढायचे तर एकवीस फूट लांब रॅम्प लागणार. वर खुर्ची वळवायला पाच फूट. झाले सव्वीस. तुमच्या घराचा दर्शनी भाग बरोबर सव्वीस फूट. रॅम्प भिंतीला लगटून न्यायचा. रुंदी लागते चार फूट, आणि भिंत ते रस्ता मोकळी जागा आहे चार फूट दहा इंच. देवानंच मोजून ठेवलंय."

मला इतका आनंद झाला की मी त्याला दोनदा चहा दिला. मागून काही करणं शक्यच नव्हतं, आमचं घर मागच्या घराला पाठ टेकून उभं आहे. जे काही करायचं ते पुढूनच.

तो गेल्यावर मी आपली गळ्यातली टेप घेऊन बाहेर गेले. सहजच. कोणी सांगितलेलं माप मी कधी धरत नाही, ही सवयच लागली आहे. भिंतीला टेपचं टोक लावलं, रस्त्याच्या कडेपर्यंत आणलं. बेचाळीस इंच. मला वाटलं टेप वाकडी लागली. पुन्हा मोजलं, तीन ठिकाणी मोजलं. बेचाळीस म्हणजे बेचाळीस. साडेतीन फूट.

दुसऱ्या दिवशी नकाशावाल्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "असणारच. तुमच्या बाबांनी भिंत पुढं घेतली असेल. त्या वेळी सगळेच घ्यायचे."

"जुन्या भिंतीला ओल लागली होती, म्हणून नवी बांधली," मी म्हटलं. मला तरी घरात तसंच सांगितलं होतं.

"तर मग ओलीनं सोळा इंच खाल्ले. आपल्याला काय त्याचं? जुन्या नकाशात चार-दहा आहे ना? आपण चार-दहाच लिहू."

"पण ते नाहीच आहे तेवढं."

"अहो ताई, नवा नकाशा जुन्याशी जुळला की ते बघायलाही येत नाहीत. शिक्का मारतात आणि मोकळे होतात. तुम्ही साडेतीन फुटांचा रॅम्प घाला, टेप घेऊन कोण येतंय?"

"आणि आलं तर?"

"आलं तर काल मला पाजलात तसा दोनदा चहा पाजा."

माझं टाळकंच फिरलं. माझ्याकडे एक बाई यायची, दर वेळी म्हणायची, कंबर दोन इंच कमी लिहा हो. मी एकदाही लिहिली नाही. लिहिली असती तर शिवण तिच्याच अंगावर फाटली असती. मी नकाशावाल्याला म्हटलं, "माझ्या भावाला खोट्या कागदावर घरी आणायचं नाही मला. उद्या कोणी तक्रार केली तर त्याला परत उचलून नेतील. आहे ते लिहा. दादाची खुर्ची मी मोजलीय, सव्वीस इंच रुंद आहे. बेचाळीस इंचांतून ती सहज जाते. ती पण माणसंच आहेत, समजतील."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी शहाण्यासुरत्या घरातली वेडी मुलगी आहे. "तुमची मर्जी," म्हणाला आणि लिहिलं. अर्जाला मी माझ्या हातानं एक वेगळं पत्र जोडलं. खुर्चीची रुंदी, चाकांची उंची, दादाच्या कोपरापासून कोपरापर्यंतचं अंतर, सगळं अर्ध्या इंचापर्यंत. पत्र जोडताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

नगरपालिकेत परवानगीची खिडकी चार नंबरची. खिडकीत एक बाई बसायच्या, बोटाला कागद उलटायची रबरी टोपी, आणि उजव्या बाहीच्या काठाची दुमड उसवलेली, तिथं सेफ्टी पिन. मी पहिल्या खेपेला गेले तेव्हा ती पिन होती, सहाव्या खेपेलाही होती. माझे हात शिवशिवायचे. दर खेपेला त्या म्हणायच्या, "फाइल वर गेलीय." वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर. एकदा मी जिना चढून वर गेले, तर तिथला माणूस म्हणाला, "खाली आलीय."

अर्ज केला तेव्हा दादाचे आठ महिने उरले होते. बघता बघता त्यातले तीन या जिन्यावर गेले.

चौथ्या महिन्यात मोजणीदार आला. पायात चकचकीत बूट, हातात लाल दिव्याचं यंत्र. भिंतीला यंत्र लावलं, रस्त्याकडे दिवा सोडला, आकडा बघितला, माझ्या अर्जातला आकडा बघितला.

"कोणी मोजलं हे?"

"मी."

"कशानं?"

मी गळ्यातली टेप दाखवली. त्यानं ती हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. "बाई, सुतानंही चुकलं नाही तुमचं माप," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसातल्या लोकांना असं जमत नाही."

मी खुळी, खूश झाले. त्याला पाणी दिलं. म्हटलं, "मग होईल ना काम?"

"ते मी नाही सांगत. मी फक्त मोजतो." गाडीवर बसता बसता तो थांबला. "तुमचा नकाशा जुन्याशी जुळला असता, तर मला कोणी पाठवलंच नसतं."

पत्र आलं पाचव्या महिन्यात. मी ते उभ्यानंच वाचलं. "प्रस्तावित उतारमार्गास नियमानुसार आवश्यक रुंदी उपलब्ध नसल्याने अर्ज अमान्य करण्यात येत आहे. तसेच अस्तित्वातील दर्शनी भिंत मंजूर नकाशापेक्षा सोळा इंच पुढे आढळून आल्याने त्याबाबत स्वतंत्र खुलासा सादर करावा." दादाच्या खुर्चीबद्दल एक अक्षर नाही. एवढं अर्धा-अर्धा इंच लिहिलं होतं मी.

तशीच चपला घालून चार नंबरच्या खिडकीवर गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. सहा इंच, म्हटलं, अहो फक्त सहा इंच कमी पडतात. ते रस्त्याच्या कडेचे द्या. रस्त्यावरून त्या जागी कुत्रंसुद्धा चालत नाही. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"रस्ता देता येत नाही," त्या म्हणाल्या.

"आमच्या शेजाऱ्याच्या पायऱ्या दोन फूट रस्त्यात आहेत!"

"त्यांनी अर्ज केलाय?"

"नाही."

"मग आमच्याकडे त्या पायऱ्या नाहीत." हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. दमलेल्या होत्या. मग माझ्या फाइलीचं पान उलटलं, माझ्या हातचं पत्र वर आलं, ते त्यांनी माझ्यादेखत सगळं वाचलं. वाचून झाल्यावर पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणला. "तुम्ही खरं माप कशाला लिहिलंत हो?"

"आता नवा अर्ज करते," मी म्हटलं. "चार-दहा लिहिते."

"आता नाही चालायचं. आता साडेतीन फूट नोंदले गेलेत. अपील करा हवं तर. सुनावणीची तारीख मिळते, सध्या अकरा महिन्यांनी मिळतेय."

आमच्याकडे तीनच राहिले होते.

मी गप्प बसणारी नाही. गवंड्याला आणलं. म्हटलं, ही भिंत पाड आणि सोळा इंच मागं बांध, हिला कोणी सांगितलं होतं पुढं यायला. गवंड्यानं वर बघितलं, भिंतीवर दोन थापा मारल्या. "आणि तोवर छत कुणाच्या डोक्यावर ठेवायचं, तुमच्या?" छत त्याच भिंतीवर टेकलंय. तरीही करायचंच म्हटलं तर त्यालाही नकाशा लागतो, अर्ज लागतो आणि चार नंबरची खिडकी लागते.

शेजारी आपल्या दोन फुटी पायऱ्यांवर बसून सगळं बघत होता. वाईट माणूस नाही तो. "ताई, तुम्ही विचारायला गेलात तिथंच चुकलं," तो म्हणाला. "विचारलं की नाही म्हणणं हा त्यांचा धंदाच आहे. मी वरचा मजला चढवला, कोणाला विचारलं?" पण त्याला कुठल्या संस्थेतून भाऊ आणायचा नव्हता. त्याला शिक्का नको होता, मला हवा होता. हे त्याला सांगून काय उपयोग?

दादाला हे सांगायला गेले त्या दिवशी तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. अंगात कोणाचा तरी चौकड्यांचा शर्ट, खांद्यावरून ओघळणारा, बाह्या बोटांवर आलेल्या. माझ्या हातचे सहा शर्ट आहेत त्याच्याकडे, एकेक असा बसतो की बघत राहावं. आणि हा त्या गबाळ्या शर्टात.

"हा कोणाचा?"

"काय माहीत. धुण्यातून आला." दादा बाही मागं सारत म्हणाला. "तुझ्या पट्ट्या सुटतात ना. धुण्याच्या मशीनमध्ये टाका टिकत नाही. नंबर नसला की कोणाच्याही कपाटात जातो. तो निळा दोन महिन्यांपासून एकशे बाराच्या अंगावर दिसतोय, म्हातारा आहे, मागायला बरं नाही वाटत."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला कच्चाच घालायचा होता."

मी तिथंच पलंगाच्या कडेवर बसले आणि रडायला लागले. बाकीच्या पलंगांवरची माणसं बघत होती, बघू देत. रडत रडतच सगळं सांगितलं. बेचाळीस इंच, मोजणीदार, पत्र, तो अकरा महिन्यांचा आकडा. म्हटलं, "ती मेली ओल लागली नसती, तर बाबांनी भिंत हलवलीच नसती."

दादा म्हणाला, "ओल कसली डोंबलाची."

"म्हणजे?"

"तू मावशीकडे शिवण शिकायला गेलीस ते तीन महिने आठवतात? बाबांनी तुझ्यासाठी टेबल करून घेतलं. सात फुटी पाहिजे, पोरीला कपडा सरळ पसरता आला पाहिजे, असा हट्ट. ते आत आणलं तर मशीनला जागाच उरेना. सुतार म्हणाला, कापून सहा फूट करतो. बाबा म्हणाले, टेबल नाही कापायचं, भिंत पुढं घे. विटा मी वाहिल्या. परवानगी-बिरवानगीचं आमच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तुला सांगायचं नाही म्हणाले, उगाच तुझ्या जिवाला लागेल."

तीस वर्षं मी त्या टेबलावर कापड कापते आहे.

"मी खोटंच लिहायला हवं होतं, दादा."

"तू?" तो हसला, अगदी खरा हसला. "शाळेत मी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकायला तुला दिलं होतं, तर तू ते नेऊन बाबांनाच दाखवलंस. तुला ते जमलंच नसतं, सुई. कोणाच्या अंगात नसतं ते नसतं." मग त्यानं माझा हात धरला. रंगानं खडबडीत झालेली बोटं आता मऊ पडलीत त्याची. "एक कर. तिकडे कायमच्या विभागात जायच्या आधी सगळे कपडे घरी ने आणि नंबर मशीननं पक्के मार. तिथं तू दर आठवड्याला शोधायला येणार नाहीस. मला माझेच शर्ट घालायचेत."

"येईन ना. नऊ तास म्हणजे काय, बसायचंच तर असतं."

"ये," तो म्हणाला. दोघांनाही माहीत होतं, वर्षातून दोनदा झालं तर पुष्कळ.

तीन महिने कधी गेले कळलं नाही. गाडी त्याला न्यायला सोमवारी येणार, म्हणून आदल्या शुक्रवारी मी कपडे घरी आणले. पाच शर्ट, सहा पायजमे, दोन स्वेटर, आतले कपडे. निळा शर्ट एकशे बारानं आपण होऊन घडी घालून परत दिला होता, तो सहावा. संस्थेच्या बाईंनी नव्या पट्ट्या दिल्या. दादाचा नंबर बदललाय, तिकडे त्याला तीनशे एकोणीस मिळालाय.

दुपारी सगळं त्या टेबलावर पसरलं. सात फूट पुरले. ज्या जुन्या पट्ट्या टिकल्या होत्या त्यांच्या दोऱ्याचं टोक धरून ओढलं. सर्रकन निघाल्या, ज्या दिवसासाठी घातल्या होत्या त्या दिवशी निघाल्या असत्या तशाच. मग मशीनमध्ये जाड दोरा भरला आणि एकेक पट्टी चारी बाजूंनी मारली, कोपऱ्यांवर उलटसुलट तीन-तीन टाके. दारावरून शेजारी गेला, "मोठी ऑर्डर दिसतेय," म्हणाला. मी "हो" म्हटलं.

निळा शर्ट शेवटी घेतला. शिवून झाल्यावर दोरा तोडला आणि पट्टीचं टोक चिमटीत धरून जोर लावून ओढून बघितलं. माझ्या हातची शिलाई ती, कशाला निघतेय.